यंत्र नसलेल्या यंत्राच्या आज्ञा

१९७४ साली दोन घटना घडल्या. मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे (टीसीएस) बरोज कंपनीचा बी १७२८ हा संगणक आला. आणि डिसेंबरात झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संगणकशास्त्र संस्थेने आपल्या अहवालमालेतला दहावा अहवाल काढला. विषय होता पास्कल या भाषेचा, कुठल्याही संगणकावर नेता येईल असा कंपायलर, म्हणजे भाषेत लिहिलेलं यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा कार्यक्रम. लेखकांत अमान, येन्सन, नेगेली अशी युरोपीय नावं होती, पण सगळ्यांत वर नाव होतं के. व्ही. नोरी यांचं. हे केशव नोरी भारतातून तिथे गेले होते आणि पुढे पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रात अनेक वर्षं काम करणार होते.

मुंबईतल्या बरोजचा आणि झुरिकमधल्या अहवालाचा संबंध तेव्हा कोणी जोडला नसेल, जोडायला कारणही नव्हतं. पण दोन्हीकडे उत्तर शोधलं होतं ते एकाच प्रश्नाचं: जे यंत्र कोणत्याही कारखान्यात बनलेलं नाही, त्याला कोणकोणत्या आज्ञा कळल्या पाहिजेत?

प्रश्न चमत्कारिक वाटतो खरा. त्यासाठी आमच्या वरूडच्या बाजारातली संत्र्याची पट्टी घेऊ. माल गेला, वजन झालं, भाव ठरला, हमाली वजा झाली, उरली ती पट्टी. कागदावर आपण लिहितो: वजन गुणिले भाव, वजा हमाली. माणसाला हे एका नजरेत कळतं. यंत्राला एका वेळी एकच काम सांगता येतं, म्हणून ते असं सांगायचं:

घे वजन
घे भाव
गुण
घे हमाली
वजा
ठेव पट्टी

इथे एक थप्पी गृहीत धरली आहे. ‘घे’ म्हटलं की आकडा थप्पीवर चढतो. ‘गुण’ म्हटलं की वरचे दोन आकडे उतरतात, त्यांचा गुणाकार होतो आणि उत्तर परत वर जाऊन बसतं. ‘ठेव’ म्हटलं की वरचा आकडा उचलून नाव दिलेल्या कप्प्यात जातो. संगणकवाले या थप्पीला स्टॅक म्हणतात. मूळ हिशेबात कंस असते तरी इथे उरले नसते, आधी काय नि नंतर काय हे आज्ञांच्या क्रमातच आलं. ओळी सहा झाल्या, पण आज्ञेचे प्रकार चारच: घे, ठेव, गुण, वजा. चार प्रकारांना क्रमांक द्यायला दोन बिट पुरतात. प्रकार वाढवत २५६ पर्यंत गेलात तर एक बाइट लागतो, आणि अशा एकेका बाइटाच्या आज्ञांनी लिहिलेल्या कार्यक्रमालाच बाइटकोड म्हणतात. तो वाचून एकेक आज्ञा पार पाडणारा कार्यक्रम म्हणजे इंटरप्रिटर.

आता कोणी म्हणेल, एवढं कशाला, ‘पट्टी काढ’ अशी एकच आज्ञा करून टाका. करता येते. सहा ओळींचं काम एका ओळीत होईल. पण उद्या गाडीभाडंही वजा करायचं ठरलं की ती आज्ञा निरुपयोगी. फार बारीक आज्ञा केल्या तर कार्यक्रम लांबतो आणि हळू चालतो, फार मोठ्या केल्या तर त्या एकाच कामापुरत्या उरतात. या दोहोंच्या मध्ये रेघ कुठे मारायची, हा निर्णय प्रत्येक पिढीने आपापल्या टंचाईप्रमाणे घेतला. माझ्या मते आज्ञांच्या याद्या वाचायच्या त्या यासाठीच. कोणत्या काळात काय महाग होतं, हे त्या याद्या सांगतात.

सुरुवातीला महाग होती ती खुद्द आज्ञाच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात टिफ्रॅक हा संगणक बांधला गेला. आधी नमुना यंत्र, मग १९६० मध्ये पूर्ण यंत्र. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्याचं नामकरण झालं. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, शब्द ४० बिटांचा आणि स्मृती २,०४८ शब्दांची. आजचा साधा फोटोसुद्धा त्या स्मृतीत मावणार नाही. अशा यंत्रात एखादी आज्ञा वाढवायची म्हणजे नळ्या, डायोड आणि तारांची जोडणी वाढवायची. एखादी नळी गेली तर ती शोधत बसायचं. म्हणून यादी आखूड ठेवायची, आणि त्या आखूड यादीत आपलं गणित बसवायचं काम माणसाचं.

त्याच दशकात दुसरीकडे एक पळवाट सापडली होती. १९५३ मध्ये जॉन बॅकस यांनी आयबीएम ७०१ साठी स्पीडकोडिंग नावाची व्यवस्था केली. त्या यंत्राला अपूर्णांकांचं गणित थेट येत नव्हतं. बॅकस यांनी अपूर्णांकांची बेरीज, वर्गमूळ, साइन असल्या आज्ञा कल्पनेने तयार केल्या आणि त्या वाचून पार पाडणारा एक कार्यक्रम यंत्राच्या स्मृतीत बसवला. त्याने स्मृतीचे ३१० शब्द खाल्ले आणि काम दहा-वीस पटींनी मंदावलं. तरी लोकांनी तो वापरला, कारण कार्यक्रम लिहायला लागणारे आठवडे वाचले. यंत्राच्या आत एक खोटं यंत्र उभं करता येतं आणि खोट्या यंत्राला आपल्याला हव्या त्या आज्ञा शिकवता येतात, हे इथे सिद्ध झालं.

आता बरोजकडे येऊ. हा संगणक मुंबईत सहजासहजी आला नव्हता. परकीय चलनाची ओढाताण होती, आयातीला परवाना लागत होता, आणि परवान्याच्या बदल्यात निर्यात करून दाखवण्याची अट होती. टीसीएसचे प्रमुख फकीरचंद कोहली यांनी ती अट पत्करली. मग टीसीएसने जी सुरुवातीची निर्यात कामं केली, त्यांत बरोजच्याच मध्यम आकाराच्या संगणकांवरची रुग्णालयाच्या हिशेबाची प्रणाली लहान संगणकांवर आणण्याचं काम होतं. दोन्हीकडे भाषा कोबोलच, कंपनीही एकच, आणि तरी कार्यक्रम जसाच्या तसा चालत नव्हता. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या निर्यातीच्या इतिहासात या कामाचा उल्लेख डॉलरांसाठी होतो. मला त्यात जास्त महत्त्वाची वाटते ती अडचण: एका यंत्रासाठी लिहिलेलं दुसऱ्यावर का चालत नाही?

बी १७०० मालिकेतला तो संगणक स्वतःच या प्रश्नाला दिलेलं एक अफलातून उत्तर होता. त्याची रचना १९७२ मध्ये वेन विल्नर यांनी मांडली. विल्नर यांचं म्हणणं असं की यंत्राची आज्ञांची यादी कायमची ठरवून टाकणं हीच चूक. कोबोलला लांबलांब नोंदी हलवायच्या असतात, फोरट्रानला अपूर्णांकांची गणितं करायची असतात. दोघांना एकाच यादीत कोंबलं की दोघांचेही हाल. म्हणून बी १७०० मध्ये प्रत्येक भाषेसाठी वेगळी यादी. कोबोलचा कार्यक्रम चालू झाला की कोबोलचा इंटरप्रिटर पुढे येतो, त्याची पाळी संपून फोरट्रानची आली की तेच लोखंड फोरट्रानचं यंत्र होऊन बसतं. शब्दाची ठरावीक लांबीही नव्हती, स्मृतीतल्या कोणत्याही बिटापासून हवे तेवढे बिट उचलता येत.

यादी कशी केली हे पाहिलं की त्या काळची महागाई कळते. प्रणालीसाठीच्या भाषेत विल्नर यांनी आज्ञांना क्रमांक दिले ते ४, ६ किंवा १० बिटांचे. वारंवार लागणाऱ्या आज्ञेला चार बिट, क्वचित लागणारीला दहा. सरसकट आठ बिट दिले असते तर सोपं झालं असतं, पण स्मृती महाग होती. चार बिटांत सोळाच क्रमांक बसतात, म्हणून कोणत्या आज्ञांना तो मान द्यायचा यासाठी खरे कार्यक्रम तपासून मोजणी केली गेली. यादी करणाऱ्याने आधी कारकुनासारखं मोजायला हवं, ही शिस्त मला बी १७०० ची सगळ्यांत मोठी देणगी वाटते. यंत्र म्हणून ते फार काळ टिकलं नाही.

झुरिकमध्ये अडचण निराळी होती. निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल चालू केली ती सीडीसी ६००० मालिकेच्या यंत्रावर, ज्याचा शब्द ६० बिटांचा. मुंबईच्या टाटा संस्थेत १९६४ पासून सीडीसी ३६०० होता. कंपनी तीच, पण शब्द ४८ बिटांचा आणि आज्ञा वेगळ्या. मग आयबीएम, डेक, आयसीएल यांची तर गोष्टच नको. जगभरातून विर्थ यांना पत्रं येत होती की आम्हाला पास्कल हवी. प्रत्येक यंत्रासाठी नवा कंपायलर लिहायचा तर झुरिकच्या चार-पाच जणांचं आयुष्य पुरलं नसतं.

तेव्हा त्यांनी पी-कोड केला. कागदावर एक यंत्र ठरवलं, कुठेच नसलेलं, स्टॅकवर चालणारं. पास्कलचा कंपायलर त्या यंत्राच्या आज्ञा काढेल असा लिहिला, आणि तो कंपायलर स्वतः पास्कलमध्येच लिहिलेला असल्यामुळे त्यालाही पी-कोडमध्ये उतरवलं. मागणाऱ्याला चुंबकी फितीवर संच मिळायचा: कंपायलर पास्कलमध्ये, तोच कंपायलर पी-कोडमध्ये, आणि नमुन्यादाखल एक इंटरप्रिटर, तोही पास्कलमध्ये लिहिलेला. मागणाऱ्याने करायचं एवढंच की नमुना बघून आपल्या यंत्राच्या भाषेत इंटरप्रिटर लिहायचा. यादी छोटी, त्यामुळे हे काम हातात मावणारं. तो चालू झाला की पी-कोडमधला कंपायलर आपोआप चालू, म्हणजे पास्कल चालू.

शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. मुळं जंबेरीची, फळ नागपुरी संत्र्याचं. जमीन वेगळी असेल तर रंगपूर लाईमचा खुंट घेतात, फळ संत्र्याचंच राहतं. पी-कोडने पास्कलचं हेच केलं. डोळा झुरिकचा, खुंट ज्याच्या त्याच्या गावचा, आणि जोडावर उभा तो गावात लिहिलेला इंटरप्रिटर.

यादीत साठाच्या आसपास आज्ञा होत्या. ती वाचताना ती पास्कलसाठीच केलेली आहे हे पदोपदी दिसतं. पास्कलमध्ये एका कार्यपद्धतीच्या पोटात दुसरी आणि तिच्या पोटात तिसरी लिहिता येते, आणि आतलीला बाहेरच्यांचे आकडे दिसतात. म्हणून ‘घे’ या आज्ञेबरोबर दोन आकडे जातात: किती पातळ्या बाहेर जायचं, आणि तिथला कितवा कप्पा उचलायचा. पास्कलमध्ये एखादं मूल्य १ ते १०० च्याच दरम्यान राहील असं बजावता येतं, म्हणून मर्यादा तपासणारी एक खास आज्ञा यादीत आहे. पूर्णांकांची बेरीज वेगळी, अपूर्णांकांची वेगळी, कारण पास्कल या दोहोंत गल्लत होऊ देत नाही. कार्यपद्धतीला बोलावण्याचं कामसुद्धा तुकड्यांत वाटलेलं: आधी थप्पीवर खूण मारायची, मग माहिती चढवायची, मग उडी घ्यायची, उतरल्यावर जागा घ्यायची. भाषेचा एकही कार्यक्रम न पाहता, केवळ यादीवरून, ती पास्कल आहे हे जाणकाराने ओळखावं इतकी ती खरी उतरली आहे.

विर्थ यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात विद्यार्थ्यांसाठी पीएल/० नावाची इवलीशी भाषा दिली. तिच्या कागदी यंत्राला आठच आज्ञा. स्थिरांक चढव, कप्प्यातलं घे, कप्प्यात ठेव, कार्यपद्धती बोलाव, जागा वाढव, उडी मार, खोटं असेल तर उडी मार, आणि आठवी ‘क्रिया कर’, जिच्यापुढच्या आकड्यावरून बेरीज, वजाबाकी की तुलना ते कळतं. आठ आज्ञांत एक अख्खी भाषा बसते हे पाहून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. नवीन इंटरप्रिटर लिहायला बसणाऱ्या पोरांना मी अजूनही हीच यादी आधी हाताने कागदावर चालवायला लावतो, कारण थप्पीवर काय चढलं नि काय उतरलं हे पेन्सिलीने खोडल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

पी-कोड पुढे कुठे गेला हे झुरिकच्या मंडळींनी ठरवलेलं नव्हतं. त्यांना तो फक्त पास्कल पोचवायची तात्पुरती सोय म्हणून हवा होता. पोचली की मागणाऱ्याने कंपायलर बदलून थेट आपल्या यंत्राच्या आज्ञा काढाव्यात अशी अपेक्षा. पण कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठात केनेथ बोल्स यांनी नेमकं ती सोयच धरून ठेवली. त्यांच्याकडे विद्यार्थी पुष्कळ आणि यंत्रं लहान. ६४ हजार बाइटांच्या आत सगळं बसवायचं होतं, म्हणून त्यांनी पी-कोड दाबून दाबून बाइटांत भरला. एका बाइटात २५६ क्रमांक बसतात. त्यांतले पहिले १२८, म्हणजे ० ते १२७, त्यांनी एकाच कामाला देऊन टाकले: तो क्रमांक हाच आकडा समजून थप्पीवर चढवायचा! पहिल्यांदा वाचलं तर ही उधळपट्टी वाटते. पण कार्यक्रमांत ०, १, २, १० असे लहान आकडेच सतत येतात, आणि प्रत्येक वेळी एक बाइट वाचतो. विल्नर यांनी चार बिटांवर केलेली काटकसर बोल्स यांनी आठ बिटांत केली. १९७९ मध्ये ॲपलने हीच पास्कल आपल्या संगणकासाठी घेतली, आणि त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलने पी-कोड थेट पार पाडणारा चिपांचा संचच बाजारात आणला. म्हणजे कागदावरचं यंत्र अखेर वाळूतून घडवलं गेलं. ते फारसं खपलं नाही हा भाग वेगळा.

इकडे भारतात १९७८ मध्ये आयबीएमने गाशा गुंडाळला, आणि ज्याला जे यंत्र मिळेल त्यावर काम भागवायचे दिवस आले. १९८१ मध्ये टाटांनी पुण्यात टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र काढलं, नोरी पुढे तिथे आले. डिसेंबर १९८७ मध्ये संगणकशास्त्राच्या सैद्धांतिक पायांवरची आंतरराष्ट्रीय परिषद पुण्यात भरली, तिच्या निबंधसंग्रहाचे संपादक नोरीच होते. पी-कोडच्या अहवालावरचं पहिलं नाव असलेला माणूस पुण्यात आहे, हे पुण्यातल्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. आपल्याकडे संगणकाचा इतिहास म्हटलं की कंपन्यांच्या उलाढालीचे आकडे निघतात, अहवाल कोणी वाचत नाही.

पी-कोडचा सगळ्यांत मोठा वारस, जावा ही भाषा, मात्र १९९५ मध्ये आला. तिचे जनक जेम्स गोजलिंग विद्यार्थिदशेत पी-कोडच्याच घराण्यातला कोड दुसऱ्या यंत्राच्या आज्ञांत उतरवण्याचं काम करून बसले होते, आणि जावाच्या वेळी ते कामी आलं, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. जावाच्या यादीत दोनशेच्या आसपास आज्ञा आहेत, सगळ्या एका बाइटाच्या क्रमांकाच्या. लहान आकड्यांना खास आज्ञा इथेही आहेत, पण उणे १ ते ५ एवढ्यांनाच. टंचाई आता बाइटांची नव्हती, क्रमांकांची होती. प्रत्येक प्रकारच्या आकड्यासाठी वेगळी बेरीज, वेगळी वजाबाकी दिली असती तर २५६ क्रमांक पुरले नसते, हे जावाच्या अधिकृत नियमग्रंथातच कबूल केलं आहे. म्हणून बाइट आणि लहान पूर्णांक यांना स्वतःची बेरीज नाही. त्यांनी मोठ्या पूर्णांकाच्या पंगतीत बसायचं. पास्कलची ‘किती पातळ्या बाहेर’ ही भानगड इथे गेली, कारण जावाला ती नको होती. त्याऐवजी एक नवीच काळजी आली. हा बाइटकोड इंटरनेटवरून अनोळखी माणसाकडून येणार, तेव्हा चालवण्याआधीच तो तपासता आला पाहिजे. म्हणून बहुतेक आज्ञांत प्रकाराची खूण, आणि पूर्णांकाच्या जागी दुसरंच काही चढलेलं असेल तर कार्यक्रम दारातच अडवायचा. झुरिकमध्ये फीत पाठवणारा ओळखीचा असायचा, त्यांना ही चिंता नव्हती.

आता वरूडमध्ये मृग बहाराच्या वेळी बगीच्यात उभा राहून व्यापारी ज्या अँड्रॉइड फोनवरून पैसे पाठवतो, त्यातली बहुतेक ॲप्स बाइटकोडच्या रूपातच फोनवर उतरलेली असतात. पण ती यादी जावाची नाही. डॅन बॉर्नस्टाइन यांनी अँड्रॉइडसाठी वेगळी केली, आणि तिला आइसलँडमधल्या दाल्विक या मासेमारीच्या गावाचं नाव दिलं. त्यात थप्पी काढून टाकली आहे. आकडे क्रमांकाच्या कप्प्यांत बसतात आणि आज्ञाच सांगते की कोणत्या दोन कप्प्यांवर क्रिया करून उत्तर तिसऱ्यात ठेवायचं. २००५ मध्ये आयर्लंड-ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी दोन्ही पद्धती मोजून पाहिल्या. कप्प्यांच्या पद्धतीत पार पाडाव्या लागणाऱ्या आज्ञा सुमारे ४७ टक्क्यांनी घटल्या, मात्र कार्यक्रमाची लांबी सुमारे २५ टक्क्यांनी वाढली, कारण प्रत्येक आज्ञेबरोबर कप्प्यांचे क्रमांक वागवावे लागतात. आपली पट्टी या यादीत दोन ओळींत निघते:

गुण पट्टी, वजन, भाव
वजा पट्टी, पट्टी, हमाली

स्मृती स्वस्त झाली आणि बॅटरी महाग, हे या दोन ओळींत वाचता येतं.

त्याच फोनमधलं सिमकार्ड मात्र अजून १९७४ च्या टंचाईत राहतं. बहुतेक सिमकार्डांत जावा कार्ड नावाचं आणखी एक छोटं कागदी यंत्र असतं. त्याच्या यादीतून अपूर्णांक पूर्ण वगळले आहेत, मोठे पूर्णांक ऐच्छिक आहेत, आणि हक्काची बेरीज आहे ती १६ बिटांची. तिच्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा बसत नाही. ट्रकभर संत्र्याची पट्टी तिथे काढायची वेळ आली, तर ती दोन तुकड्यांत काढावी लागेल आणि हातचा हातानेच सांभाळावा लागेल.